कूलरचा पत्रा

पत्र्याच्या बोल्टाखालचा वॉशर बोटाखाली पुन्हा फिरला — ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला, कडेला जरा वाकडा — आणि गाडीखाली उताणी पडलेल्या रागिणीला कळेना, की तो घट्ट बसलाय, की आपल्यालाच तसं वाटून घ्यायचंय... बसलाय. बसायलाच हवा. आज बाबा अकोल्यापर्यंत सोबत येणार होते, आणि वाटेत गाडी पुन्हा वाजली तर घरामागची खोली भावाच्या, कुलदीपच्या शिकवणीला जाणार होती. बाबांनी, म्हणजे शालिकराम वकिलांनी, घरात दिलेल्या निकालावर अपील नसे.

त्या खोलीत तिची कात्री होती, ड्रिल होतं, कॉलेजात फिजिक्स शिकवून आल्यावरचा तिचा सगळा जीव होता. गाडीच्या पोटाखाली वारा जागोजागी अडखळतो, त्याला सपाट वाट करून द्यायची, एवढंच डोक्यात. पत्र्यासाठी बाजारात कशाला जायचं? अमरावतीत कुठल्या गच्चीवर मोडका कूलर नसतो! दोन कूलर उघडले, पत्रे ठोकून सपाट केले, आणि इंजिनची गरम हवा बाहेर पडावी म्हणून तिथे झापांची, तिरप्या फटींची, बाजू लावली — आणि हात दाखवून अवलक्षण केलं. कूलरच्या झापा हवा आत घेतात, हे जन्मभर पाहिलेलं. इथेही तिने त्यांची तोंडं पुढेच ठेवली. मागच्या खेपेला बडनेऱ्यापुढे गाडी अशी घुमायला लागली, की बाबा म्हणाले, "भंगार बांधून फिरून राहिली तू." वर्गात हवेचा दाब शिकवणारी मी... मी!

आता झापांची तोंडं मागे होती. बाबा शेजारी बसले, काच वर केली, मांडीवर फाईल ठेवली. बडनेरा मागे पडलं, वेग वाढला, दोन्ही बाजूंनी कपाशी पळू लागली, आणि रागिणीचे कान जणू तळपायात उतरले. बारावीनंतर तिने इंजिनिअरिंगचं नाव काढलं, तेव्हाही बाबा असेच फाईल चाळत होते... पोरीच्या हातात पाना कायले, म्हणाले होते, न रागावता, आणि रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. बाबा आता कुठल्याशा शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या दाव्याबद्दल बोलत होते. हळू आवाजात. गेल्या खेपेला त्यांना ओरडावं लागलं होतं — मूर्तिजापूर आलं तरी ते हळूच बोलत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता!

मग ते मध्येच थांबले. पायाखाली पाहिलं.

"काहून, आज घुमून नाई राहिली?"

"झापा उलट्या लागल्या होत्या, बाबा. चूक माझीच होती. फिरवल्या."

त्यांनी मांडीवरची फाईल मिटली. मग काचेबाहेर पाहत म्हणाले, "त्या खोलीची वायरिंग जुनी झाली. ड्रिल लावतेस तर बदलून घे."

जिंकले! तिच्या छातीत ढोल वाजायला हवे होते, वाजलेही, पण लगेच तिचं ध्यान सुटलं, कारण मागून एक बारीक फडफड येत होती... मागचा बंपर. तो अजून खालून उघडाच, वारा आत शिरून तिथे कोंडत असणार, त्याला वर वळवत नेणारा एक पत्रा... किती वळवायचा? तिने वेग जरा वाढवला. फडफड वाढली. गोडच लागली तिला ती. बाबा पुन्हा काहीतरी विचारू लागले होते, आणि ज्यांचं वाक्य घरात आजवर कुणी तोडलं नव्हतं त्यांना ती सहज म्हणाली,

"थांबा बाबा. मी ऐकून राहिले."