घागरीपुढचा रिकामा पाट

वाचकहो, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, अबोला धरलेले भाऊ तुमच्या गावात नाहीत, असं छातीवर हात ठेवून सांगा बरं! देऊळघाटात तर होतेच. महाराष्ट्र राज्य झालं, सगळे मराठी लोक एक झाले म्हणून शाळेत पेढे वाटले गेले, आणि त्याच साली शेषराव नि उत्तमराव या सख्ख्या भावांनी अंगणात मधोमध भिंत घातली. आता काय म्हणावं याला!

भिंत घातली खरी, पण शेषरावांचा कान भिंतीलाच. पहाटे पलीकडून उत्तमचा खोकला ऐकू आला की त्यांना बरं वाटे. लहानपणी खळ्यावर एका गोधडीत झोपलेले हे दोघे. एखाद्या दिवशी खोकला आला नाही, तर शेषराव उगाच अंगणात येरझारा घालत. पण हाक मारतील? छे!

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. शेषरावांनी वारलेल्या वडिलांच्या नावानं घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं. त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी पुरणपोळी, आमरस, कुरडया असा नैवेद्य वाढला. जेवायला मामा आले होते, नारायणराव. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांचा जन्म गेला. कपाळाला बुक्का आणि तोंडी येशूची वचनं. गाव त्यांना 'अर्धा पाद्री' म्हणून चिडवी.

घागरीपुढे एकच पाट मांडलेला पाहून मामा थांबले.

"उत्तमचा पाट कुठी हाये?"

"मामा, त्यानं माह्या धुऱ्याचे दोन तास, नांगराच्या दोन वळी, आपल्या वावरात नांगरून घेतले. कोर्टात खटला चालू हाये. त्याले पाट मांडू का आता?"

"अन् त्याच्या आंधी, वाटणीच्या दिवशी, चावडीवर सगळ्यायसमोर तू त्याले काय म्हणलं होतं?"

शेषराव घागरीवरचं खरबूज नीट करू लागले. कोकिळाबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "'तू माह्या बापाचा नाहीस' म्हणले होते."

"अन् आज त्याच बापाची घागर भरून बसला! वा रे वा!" मामांचा आवाज चढला. "येशू काय म्हणते, आयक. देवापुढं नैवेद्य घेऊन गेला अन् तिथं आठवलं का भावाच्या मनात आपल्याबद्दल सल हाये, त नैवेद्य तिथंच ठेव. पह्यले भावाले भेट, मंग देवाले. धुरा कोनाचा, हे त्यानं इचारलंच नाही!"

"पन मामा, तो त्यायचा देव. आपन काय बाटलो?"

"मी कुठी देव मानतो त्याले? दवाखान्यातले सायब 'त्याले देव मान' म्हणून लय मांगं लागले. म्या म्हणलं, सायब, जे मनातून येत नाही ते खोटं कसं बोलू? मले तो मानूसच दिसला, बाबू. अन् म्हूनच मले त्याचा धाक वाटते! देव असता त म्हणलो असतो, देवाले जमते, आपल्याले कुठून जमनार? पन मानसाले जमलं. मंग मले पळवाटच राह्यली नाही."

त्याच वेळी भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. शेषरावांचे डोळे भरून आले. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि ते तसेच अनवाणी निघाले.

उत्तमराव ओसरीवर बसले होते. थोरल्या भावाला दारात पाहून ते दचकून उठले.

"उत्तम, मी चावडीवर जे बोललो ते वंगाळ बोललो. चुकलो रे! चाल, बाप वाट पाहून राह्यला. धुऱ्याचे तास राहू दे तुलेच."

उत्तमराव म्हणाले, "तास कोनाले पाह्यजे होते, दादा? मले ते तुहं बोलनं जाचत होतं. रागानं नांगर घातला. तू भांडाले तरी येशीन, असं वाटलं. तू कोर्टात गेला, पन घरी नाही आला!"

अरेरे! भावानं यावं म्हणून भावानं धुरा कोरावा, आणि दुसऱ्यानं खोकल्यावर समाधान मानावं! दोघे गळ्यात पडून रडले. त्या दिवशी घागरीपुढे दोन पाट मांडले गेले. पोळ्या गार झाल्या होत्या. मामांनी त्यावरूनही कटकट केलीच.

बंधूंनो, भगिनींनो, कोणाला देव मानावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण खरं सांगणाऱ्याचं देऊळ कोणतं, हे विचारत बसू नये. सांगितलेलं करून पाहावं. आणि ज्याच्या आवाजासाठी तुमचा कान भिंतीला लागतो, त्याच्या दारी आजच जा. नैवेद्य थोडा थांबेल.