काळी खोळ

तिचं वय चाळिशीपार, पण घरात सगळे तिला अजून चिमणीच म्हणत. थोरल्या भावाच्या दुकानात पडदे शिवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आणि एक दिवस तिनं जाहीर केलं, मी सोलरचं काम शिकणार! दादा हसतच सुटला.

"आजवर लोकांच्या घरातलं ऊन अडवलंस, आता तेच पकडायला निघालीस? जा बाई, जा. तुझं मशीन मी झाकत नाही. येशीलच चार दिवसांत तोंड पाडून."

ते 'तोंड पाडून' तिला फार झोंबलं. तिनं कोर्स केला, नोकरी मिळवली, पण शिकाऊ म्हणून. आज कसोटी होती. लाँड्रीच्या गच्चीवर सहा पॅनलं माणसांनी चढवून दिली होती. जोडणी मात्र तिची एकटीची. जमलं तर कायम, नाहीतर घरचा रस्ता. आणि घरचा रस्ता म्हणजे ते मशीन.

आता पॅनलची एक खोड असते. त्याला बटण नसतं. ऊन पडलं की ते वीज करायला लागतं, मग तुमचा हात तारेवर असो नाहीतर कपाळावर. म्हणून जोडणी होईपर्यंत पॅनल झाकून ठेवायचं, ही तिला शिकवणाऱ्या मिस्त्रींची शिस्त. बाकीचे शिकाऊ एखादी फाटकी ताडपत्री टाकत आणि वर वीट ठेवत. चिमणीला ते बघवेना. पडदेवालीच ती! तिनं जाड काळ्या अस्तराच्या खोळी शिवल्या, कडेनं इलॅस्टिक घालून. गादीवर चादर बसते तशा चापूनचोपून बसायच्या. सुरकुती म्हणाल तर नाव नाही.

जोडणी झाली. खोळी काढून तिनं पिशवीत कोंबल्या, घाम पुसला आणि खाली आली. खोळी निघाल्यावर गच्चीवर एक नजर टाकून मिस्त्री आधीच खाली येऊन बसले होते. त्यांनी मीटर लावला, आकडा पाहिला, आणि मीटर तिच्यापुढे धरला.

आकडा कमी होता. थोडाथोडका नाही, अख्ख्या एका पॅनलएवढा.

"म्हणजे माझी इस्त्री तापणार नाही का?" लाँड्रीवाल्यानं विचारलं.

मिस्त्रींना विचारून उपयोग नव्हता. कसोटीत बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम. ती धडधडत वर गेली. एकेक जोड ओढून पाहिला. सगळे घट्ट. तारा उलट लागल्या? छे, बरोबर होत्या. पॅनल फुटलं? तडा कुठेच नाही. सहाच्या सहा पॅनलं, चौकटीसकट काळीकुट्ट, गुपचूप ऊन खात पडली होती. तिला रडूच आलं. दादाचा चेहरा डोळ्यांसमोर नाचायला लागला.

निदान धूळ तरी पुसावी म्हणून तिनं कडेच्या पॅनलवरून तळवा फिरवला. आणि हात थबकला.

काच नव्हती. अस्तर होतं! डोळ्यांना जे दिसलं नाही, ते बोटांनी क्षणात ओळखलं.

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारला. एक खोळ काढायचीच राहिली होती, आणि बसली होती इतकी बेमालूम, की शिवणारीलाच पत्ता नाही. तिनं ती खस्सकन ओढली आणि जिन्याकडे धावली.

"आला गं! पुरता आला!" खालून मिस्त्री ओरडले.

हुश्श! ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. तिनं खोळ त्यांच्यापुढे धरली. काही लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. मिस्त्रींनी एकदा खोळीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पोट धरून हसायला लागले.

"अगं, मीही वर बघून आलो की! मलासुद्धा नाही दिसली. सगळ्यांसाठी अशाच खोळी करून घे. पण काळ्या नकोत माझे आई, भडक पिवळ्या!"

"म्हणजे मी...?"

"म्हणजे काय म्हणजे? कायम झालीस. चल, आवर पसारा."

ती तिथंच पायरीवर बसली, खोळीनंच डोळे पुसले, आणि दादाला फोन लावून नुसतं "दादा" म्हणाली.

"काय गं? आवाज असा का? येतेस ना परत?" त्याचा आवाज चक्क काळजीचा होता.

"येते ना. पण गिऱ्हाईक म्हणून. पिवळ्या खोळींची ऑर्डर आहे, तू शिवायच्यास. आणि माझं मशीन झाकून टाक."

पलीकडे दादा खाकरला.

"मापं घेऊन ये संध्याकाळी," तो म्हणाला. "आणि चिमणे, झाकायला काहीतरी तूच घेऊन ये गं. तुझ्या मशीनला मी खोळ शिवलीच नव्हती."