राखीव

तहसीलच्या आवारातल्या मांडवात पंखा होता, पण तो साहेबांच्या टेबलापुरताच फिरत होता. रजनीबाई सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीत घाम पुसत बसल्या होत्या. मतदानाची पथकं कालच गावोगाव गेली होती. केंद्रावरचं कोणी आजारी पडलं तर त्याच्या जागी पाठवायला हे राखीव कर्मचारी अडकवून ठेवलेले. अजून तरी कोणाला साधी शिंकही आली नव्हती.

आणि तिकडे यवतमाळला त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा, मितालीचा साखरपुडा होता.

चूक त्यांचीच. मतदानाची सुट्टी असते, पाहुण्यांना रजा टाकावी लागत नाही, म्हणून तारीख त्यांनीच सुचवली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मागच्या निवडणुकीत त्यांना ड्युटी नव्हती. आता ती कायमचीच टळली, असं त्या धरून चालल्या. आदेश हातात पडल्यावर तो रद्द करून घ्यायला खेटे घातले. साखरपुडा कारणात बसत नाही, लग्न असतं तर पाहिलं असतं, असं उत्तर मिळालं. मग उद्याच लावून देते लग्न, हे ओठांवर आलं होतं. पण नोकरीत आजवर कितीतरी गोष्टी गिळल्या, तशी हीही गिळली.

सकाळी निदान दोन तास सोडा म्हणून विनवून पाहिलं. मतदान संपेपर्यंत कोणी हलायचं नाही, साहेब मान वर न करता म्हणाले.

दुपारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. चारुदत्तरावांच्या हातात फोन म्हणजे आधी छत, मग कोणाचं तरी टक्कल, आणि मग एकदाची मिताली.

"आई, दिसून राह्यलं का तुले?"

"दिसून राह्यलं, बेटा. पदर नीट कर."

जावयाने अंगठी उचलली आणि नेमका मांडवातला लाउडस्पीकर खरखरला. रजनीबाईंचंच नाव. एका केंद्रावरच्या मॅडमना भोवळ आली होती, जीप तयार होती.

शेजारच्या खुर्चीवरचे रूपसिंग गुरुजी ताडकन उठले. "साहेब, मी जातो न. मॅडमच्या पोरीचा साखरपुडा चालू हाये."

"तिथं बाईच पाह्यजे. बुरख्यातल्या बायांची ओळख तुम्ही पटवान काय?"

साहेबांचं म्हणणं खरं होतं, त्याचीच रजनीबाईंना जास्त चीड आली. एवढा दिवस रिकामा बसवून यांना हाच क्षण सापडला.

"घाला अंगठी," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "माह्यासाठी थांबू नका." आणि फोन बंद करून जीपकडे गेल्या.

केंद्रावर त्यांच्याकडे शाई आली. बायकांची रांग मोठी होती. संध्याकाळ होता होता एक मुलगी समोर आली. तिने नकाब वर केला, चेहरा ओळखपत्राशी जुळला. अस्मा नाव, मितालीच्याच वयाची, हातभर ताजी मेंदी. रजनीबाईंनी तिचं बोट हातात घेतलं आणि नखावरून शाईची रेघ ओढली.

"सूख गई न, मॅडम?" थोड्या वेळाने अस्माने विचारलं.

"थांब जराशी," रजनीबाई म्हणाल्या. शाई केव्हाच वाळली होती. बोट त्यांनी सोडलं नाही.