सेपची ग्रोथ

इंग्लंडच्या उत्तरेकडे तो राबायचा ती कोळशाची खाण बंद पडली आणि सेप हेडलीचा सगळा जीव गावामागच्या भाड्याच्या जमिनीच्या तुकड्यात गुंतला. तिथे तो लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी, लावायचा, मनगटाएवढी जाड, सप्टेंबरच्या भाजी-प्रदर्शनासाठी. शेजारच्या तुकड्यातला नॉर्मन सेपचं लिदीचं खत मुठीत घेऊन हुंगायचा आणि म्हणायचा, "काय कुजलंय रे सेप! तोंडाला पाणी सुटलं बघ." सेपच्या लेखी याहून मोठी शाबासकी नव्हती. आणि रोपं जोमात आली की दोघं म्हणायचे, यंदा ग्रोथ आहे.

म्हणून हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर हेडली, तुमच्या पोटात एक ग्रोथ आहे," तेव्हा सवयीने त्याचा चेहरा खुलला. बाई गांगरली. मग त्यालाही कळलं. इंग्रजीचा चावटपणा असा, की वाफ्यातल्या वाढीला आणि पोटातल्या गाठीला एकच शब्द.

घरी हे सांगायला कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक आयलीन कॅनडात. ती दर रविवारी फोन करायची, दर वर्षी येते म्हणायची आणि राहून जायचं. या रविवारी सरळ सांगून टाकायचं, असं सेपने ठरवलं. आरशासमोर सरावही केला बिचाऱ्याने.

"काय बाबा, काय विशेष?"

"ग्रोथ आहे, पोरी."

"अय्या! मग असा रडव्या आवाजात काय सांगतोस? मोठी आहे?"

"आहे म्हणतात. बऱ्यापैकी."

"नॉर्मनकाका म्हणतो? मग खरंच असणार. बाबा, यंदा मी येते. सप्टेंबरात, प्रदर्शनाला. तिकीटच काढते."

आत्ता खरं सांगितलं तर ती उद्याच विमानात बसली असती, रडत. त्याला रडत आलेली आयलीन नको होती. त्याची लीक बघायला आलेली हवी होती, आणि तशी ती आजवर कधी आली नव्हती.

"बाबा? तोवर टिकेल ना रे?"

"टिकेल की. न टिकायला काय झालं?"

फोन ठेवून तो वाफ्यावर गेला. नॉर्मन आलेला नव्हता. सेपने सगळ्यात जाड रोपाला पाणी घातलं.

"तू वाढ," तो म्हणाला. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आणि तू कुज, मेले. नाहीतर सप्टेंबरपर्यंत थांब तरी."