किल्लीमहाराजांच्या खोलीतलं स्वागत

"एक... नऊ... नऊ... चार!"

किल्लीमहाराजांनी डोळे मिटूनच आकडे सांगितले आणि फोनचा मालक, एक धिप्पाड सुतार, खुर्चीतून ताडकन उठला.

"बरोब्बर! अहो, बायकोलासुद्धा माहीत नाही हो हा नंबर!"

"आता कळला," मागून कुणीतरी म्हणालं. सगळा हॉल हसला आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सुताराची बायको मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल दर रविवारी सकाळी भरायचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या संपल्या की माणसं भिंतीला टेकून उभी राहायची आणि भिंत संपली की जिन्यावर बसायची. प्रत्येकाच्या हातात एक फोन. अर्ध्या लोकांच्या हातात स्वतःचा, अर्ध्यांच्या हातात गेलेल्या माणसाचा. कुणाच्या वडिलांचा, कुणाच्या मुलीचा. हे सगळे कुलूपबंद. आकडा माहीत असलेला माणूसच उरला नव्हता.

"कुलूप म्हणजे काय?" महाराजांनी गळ्यातली बोटभर चांदीची किल्ली वर धरली. "कुलूप म्हणजे अहंकार! चार आकड्यांचा अहंकार! काहींचा तर सहा आकड्यांचा! पण वरच्या कंपनीपुढे कुणाचं कुलूप टिकतं का? तिथली रेंज कधी जाते का?"

"नाही!" हॉल ओरडला.

"तिथली बॅटरी उतरते का?"

"नाही!"

शेवटच्या रांगेत बसलेल्या स्क्रीनताईने दात आवळले. फुटलेल्या काचा बदलून देता देता हे नाव तिला चिकटलं होतं. बाजारातल्या गल्लीत तिचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. हा तिचा चौथा रविवार. पहिल्या तीन रविवारी ती नुसती बघत होती. आज बघायला आली नव्हती. आज सूड घ्यायला आली होती आणि त्यात तिला तिळमात्र लाज वाटत नव्हती.

"आता आपल्या ताई अनुभव सांगतील," सेवकाने माईक पुढे केला.

व्यासपीठावर पहिल्याच खुर्चीत तिची वहिनी बसली होती.

"माझे मालक ट्रक चालवायचे," वहिनीने सुरुवात केली. आता तिचं हे पाठ झालं होतं. "माल उतरेपर्यंत तासन् तास थांबावं लागायचं. तेवढ्या वेळात ते लेकीसाठी गोष्टी रचायचे आणि फोनात बोलून ठेवायचे. पाठवायचे नाहीत कधी. घरी आले की तिला समोर बसवून ऐकवायचे. तिचा चेहरा बघायचा असायचा त्यांना. ते अपघातात गेले आणि फोन बंद राहिला. मी महाराजांच्या पायाशी आणला. महाराज फोन घेऊन आतल्या खोलीत बसले, आणि बाहेर आले तेव्हा फोनवर शब्द उमटले होते. 'स्वागत आहे.' माझ्या डोळ्यांनी वाचलं मी. ते तिथून मला स्वागत म्हणत होते! फोन उघडला, आणि आत काही नव्हतं. महाराज म्हणाले, सगळ्या आठवणी ते बरोबर घेऊन गेले. मोकळे झाले."

कित्येक बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

तो फोन आधी स्क्रीनताईकडेच आला होता. भावाचा फोन. तिने सरळ सांगितलं होतं, "वहिनी, हा उघडणार नाही. माझ्याकडून नाही आणि हॉल भाड्याने घेऊन बसलेल्या कुणाकडूनही नाही. आतलं सगळं त्या आकड्यावरच मिटलेलं असतं. तो आकडा कुठे लिहून ठेवलेला नसतो, कंपनीकडेसुद्धा नाही. अंदाज करत बसलो तर फोन आधी अर्धा मिनिट थांबवतो, मग तासभर, आणि काही फोन तर शेवटी स्वतःच सगळं पुसून टाकतात. पुसून तो पुन्हा चालू करता येईल, पण मग दादाचा आवाज जाईल. बाहेर दुसरी प्रत त्याने कुठे ठेवलेली नाही, ते मी पाहिलंय. ठेवून दे. कधीतरी आकडा आठवेल, कुठल्या वहीत सापडेल."

"म्हणजे तुम्हाला येत नाही, असं म्हणा ना, वन्सं," वहिनी म्हणाली होती. त्या दिवसापासून बोलणं तुटलं. आणि दोन महिन्यांनी तोच फोन पुसून, लख्ख होऊन घरी आला. आता पोरगी त्यावर फुगे फोडायचा खेळ खेळत होती.

खरं बोलणाऱ्याच्या तोंडावर दार आणि खोटं बोलणाऱ्याला हार! महाराजांचा राग तर होताच, पण वहिनीचाही होता. भर हॉलात दोघांची तोंडं उतरलेली बघायची, हे स्वप्न तिने सहा महिने उराशी जपलं होतं.

"अगंबाई! वन्सं!" वहिनीला ती दिसली. "महाराज, ती बघा माझी नणंद! फोन दुरुस्त करते. तीच म्हणाली होती उघडणार नाही म्हणून. आली बघा शेवटी!"

महाराजांचा चेहरा फुलला. "या, या! शास्त्र शरण आलं! या ताई, वर या. तुमचं कुलूप तर आम्ही पहिल्या फटक्यात उघडू."

स्क्रीनताई वर गेली. फोन त्यांच्या हातात दिला आणि मुकाट हात जोडून उभी राहिली.

महाराजांनी डोळे मिटले. मांडीवरच्या शालीखाली बोटं किंचित चाळवली, पापण्या जराशा किलकिल्या झाल्या. "सात... शून्य... दोन... आठ!"

"टाका ना महाराज, तुमच्याच हातांनी टाका."

महाराजांनी आकडा टाकला. फोन थरथरला आणि तसाच बंद राहिला. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग आठाच्या जागी नऊ, मग शून्याच्या जागी सहा, मग दोनाच्या जागी तीन. पाचव्यांदा चुकल्यावर फोनवर अक्षरं आली.

"काय लिहिलंय, वाचा की मोठ्याने," स्क्रीनताई म्हणाली.

"संशयाने कुलूप गंजतं," महाराज पुटपुटले.

"तसं नाही लिहिलेलं. 'तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा' असं लिहिलंय. वरच्या कंपनीची रेंज गेली वाटतं."

हॉलात खसखस पिकली. सेवक माईक काढून घ्यायला धावला, पण सुतार आडवा आला. त्याला अचानक या प्रकरणात फार रस वाटू लागला होता.

"तुम्ही सगळे आत आलात तेव्हा खाली जिन्याच्या दारातल्या टेबलावर काय केलंत?" स्क्रीनताईने विचारलं.

"फोन मौनात टाकला," सुतार म्हणाला. "उघडून आवाज बंद केला. त्या सेविकाबाईंना दाखवावं लागतं."

"आणि सेविकाबाई कुठे उभ्या होत्या?"

सुताराने वळून आपल्याच पाठीमागे बघितलं. "माझ्या मागे."

"मागे उभी राहून ती आकडा बघते, माणसाच्या खुणेसकट चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठी शालीखाली येते. सात-शून्य-दोन-आठ हा माझाच आकडा होता, टेबलापर्यंत. जिना चढताना मी तो बदलला. देवाला नवा कळला असता. चिठ्ठीला कसा कळणार?"

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरला आणि महाराजांचा दुसरा सेवक हातात फोन घेऊन बाहेर आला. बाहेर काय झालं याचा त्याला पत्ताच नव्हता. "काका, तुमच्या दिवंगत पत्नीचा फोन उघडला!" तो आनंदाने ओरडला. "हे बघा, स्वागत आहे!"

समोरच्या रांगेतले काका उठले. स्क्रीनताई ज्यांच्याकडून सुटे भाग आणायची ते ठोक बाजारातले व्यापारी. काल तिने कुलूप लावलेला एक जुना फोन देऊन, तो गेलेल्या बायकोचा म्हणून सकाळी आत द्यायला त्यांना तयार केलं होतं. काकूंनी मात्र आधी कटकट केली होती. "मला मारतेस होय गं?" तर ती म्हणाली होती, "फक्त दुपारच्या जेवणापर्यंत, काकू."

बुडत्याला काडीचा आधार. महाराजांनी तो फोन झडप घालून उंच धरला. "बघा! अविश्वासी लोकांकडे लक्ष देऊ नका! या माउली तिथून बोलतायत! आत काही उरलं नाही, सगळं घेऊन गेल्या, मोकळ्या झाल्या!"

"मोकळी कसली होतेय," पाचव्या रांगेतून खणखणीत आवाज आला. काकू उठून उभ्या राहिल्या. "घरी गेल्यावर यांचं जेवण कोण वाढणार? आणि मी कुणाचं स्वागत-बिगत केलेलं नाही. मी सकाळपासून या तुटक्या खुर्चीवर बसलेय!"

हॉल असा हसला की खालच्या दुकानातली माणसं वर बघायला आली.

स्क्रीनताईने पिशवीतून एक खोका काढला. कोरा, दुकानातून आणलेला, वरचं सील शाबूत. तो तिने काकूंच्या हातात दिला. काकूंनी नखाने सील फोडलं, फोन काढला, चालू केला. स्क्रीनताईने तो सगळ्यांना दिसेल असा फिरवला. पांढऱ्या पडद्यावर काळी ठळक अक्षरं होती. स्वागत आहे.

"या फोनात कोण मेलं?" तिने विचारलं.

मागची माणसं अक्षरं वाचायला पुढे सरकली.

"कारखान्यातून आलेला प्रत्येक फोन हेच म्हणतो. आणि पुसलेला फोन पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा होतो. महाराज आत समाधी लावत नाहीत. ते नाहीतर त्यांचा सेवक बाजूची बटणं दाबून धरतो आणि फोनातलं सगळं पुसतो. माझ्या दुकानात कुणीही सांगितलं तर मी हे पाच मिनिटांत करते, पण त्याआधी त्याला सांगते की सगळं जाईल. नवे फोन तर पुसल्यावरसुद्धा जुन्या मालकाचा पासवर्ड मागतात. तसला फोन आला की महाराज म्हणतात, आत्म्याची अजून इच्छा नाही. आठवतंय ना?"

मागच्या भिंतीला टेकलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, "मला तीनदा परत पाठवलं असंच."

स्क्रीनताईचा डाव फळला होता. महाराजांच्या कपाळावर घाम फुटला होता. आता वळायचं आणि वहिनीकडे बघायचं, एवढंच राहिलं होतं. सहा महिने ती याच क्षणाची वाट बघत होती. ती वळली.

वहिनी खुर्चीतून उठली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "मग आमच्या फोनात..."

स्क्रीनताईने मनात शंभर वेळा घोकलेलं उत्तर होतं, चांगलं जहरी. ते तिच्या जिभेवर आलंच नाही. रडू मात्र आलं. एकदा वाटलं, खोटं बोलावं. म्हणावं, काय सांगता येतंय, आधीच गेलं असेल. पण मग तिच्यात आणि या शालवाल्यात फरक काय राहिला?

"होतं, वहिनी," ती म्हणाली. "या खोलीत जाईपर्यंत सगळं होतं."

वहिनी रडली नाही. ती महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या गादीवर त्यांचा स्वतःचा फोन पडला होता, मोठा, महागडा. तिने तो उचलला.

"हा उघडा," ती म्हणाली.

"तो... तो माझा खाजगी आहे."

"माझ्या नवऱ्याचाही खाजगीच होता. उघडा! किती घरं पुसली ते बघू दे सगळ्यांना."

"मला आकडा आठवत नाही," महाराज म्हणाले. गावाची कुलपं उघडणाऱ्याला स्वतःचा आकडा आठवेना! काकांनी साध्या कपड्यांत आणून बसवलेले दोन पोलीस तेव्हा पुढे आले. एकाने फोन ताब्यात घेतला आणि दुसऱ्याने महाराजांचा दंड धरला. जिन्यावरच्या माणसांनी वाट दिली, पण सुखासुखी दिली नाही. सुताराने तर महाराजांना प्रत्येक पायरीवर एकेक आकडा मोठ्याने म्हणायला लावला. एक, नऊ, नऊ, चार, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्क्रीनताईला ते बघून बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

हॉल मोकळा होईना. लोक हातातले बंद फोन घेऊन तसेच उभे होते. आता जायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. मघाचा म्हातारा स्क्रीनताईसमोर आला. त्याच्या हातात मुलीचा फोन होता, मागे गुलाबी फुलांचं स्टिकर लावलेला.

"बाई, तुम्ही तरी उघडाल का?"

"नाही, बाबा. मला येत नाही," ती म्हणाली. "कुणालाच येत नाही."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. तेव्हा वहिनीने माईक उचलला. त्याच माईकवर सहा महिने तिने साक्ष दिली होती.

"माझं ऐकून तुमच्यातले कितीजण इथे आले, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं. माझी नणंद खरं बोलली, ते मला झोंबलं. हा गोड बोलला आणि मी फोन देऊन बसले. एवढंही विचारलं नाही की आत नेऊन करणार काय. आता कुणीही तुम्हाला म्हणालं की उघडून देतो, बरं करून देतो, गेलेल्याशी बोलणं करून देतो, तर आधी विचारा, कसं? माझ्यासमोर करून दाखव म्हणा. नाही दाखवलं तर तिथून उठा. मग तो कितीही मोठा महाराज असो."

तिने खाली उतरून म्हाताऱ्याचा फोन त्याच्याच सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून हात दाबला.

"घरी न्या, बाबा. बंद आहे तोवर ती आत आहे. माझा उघडला." तिने जिन्याकडे बघितलं. "घरी माझी पोरगी त्या फोनवर खेळत बसलीय. तिला आता जाऊन सांगायचंय, की तुझ्या बापाच्या सगळ्या गोष्टी त्यात होत्या आणि आईने त्या पुसायला दिल्या."