ठेंगूच्या आठ डब्या

ठेंगू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला तो उठेचना. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं वरखाली. पोस्टमनकाकांनी त्याला उचलून घेतलं आणि तसंच थेट जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

काकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. नोकरीत असताना गल्लोगल्लीची कुत्री सायकलमागे धावायची, त्यामुळे या जमातीशी त्यांचं वाकडंच. पण बायकोनं हे पिल्लू घरी आणलं आणि त्यांचं काही चाललं नाही. कान एका जातीचे, पाय भलत्याच जातीचे आणि शेपूट कुठून आलं ते देवालाच ठाऊक! काकूंचा मात्र तो जीव की प्राण.

डॉक्टरीणबाईंनी ठेंगूला काट्यावर ठेवलं. "काका, हा सात किलोचा असायला हवा. साडेनऊ भरलाय. दिवसातून किती वेळा देता?"

"दोनदा. तेही मोजून."

"मग घरात आणखी कुणीतरी देतंय."

दुसऱ्या दिवशी काका पेपर तोंडासमोर धरून दिवसभर घरात बसून राहिले. काकू स्वयंपाकघरात गेल्या, ठेंगूला पाहिलं आणि कळवळल्या, "अगंबाई, उपाशीच राहिलास की रे!" पाव, बिस्किटं, चीजचा तुकडा. अर्ध्या तासानं पुन्हा तेच, पहिल्यांदाच देत असल्यासारखं. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा. काकूंना अलीकडे विसरायला होतं हे काकांना माहीत होतं. तेच तेच प्रश्न अंगवळणीही पडले होते. पण हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी खाऊच्या कपाटाला कुलूप लावलं.

"अहो, दिलं का याला?"

"दिलं. तूच दिलंस."

"मी? मी दिलं असतं तर मला आठवलं नसतं?" काकूंचे डोळे भरून आले. "मुक्या जनावराला उपाशी ठेवता आणि वर मलाच खोटं पाडता!"

तीन आठवडे असेच धुसफुशीत गेले. ठेंगूचं वजन काही उतरेना. काकूंच्या मनगटावरचं घड्याळ मात्र सैल होऊन कोपराकडे घसरायला लागलं. एकदा जेवताना काकांचा चमचा खाली पडला. उचलायला वाकले तर टेबलाखाली काकूंचा हात, हातात अख्खं उकडलेलं अंडं, आणि ते चाटणारा ठेंगू. त्यांनी कपाळाला हात लावला. बाई स्वतःच्या तोंडचा घास काढून त्याला देत होती, आणि त्यांनी कुलूप लावलं होतं ते बिस्किटांना!

ते डॉक्टरीणबाईंकडे गेले, सगळं सांगितलं आणि यादी लिहून आणली. सकाळी उठून त्यांनी बिनमिठाचं चिकन उकडलं, भोपळा आणि गाजर वाफवलं, मूठभर भात घातला. दिवसभराचं सगळं वजन करून आठ छोट्या डब्यांत वाटलं आणि फ्रिजमध्ये रांगेत लावलं. कपाटातला खाऊ शेजारणीला देऊन टाकला.

"अहो, दिलं का याला?"

"छे, राहिलंच बघ! तू दे की. डबी भरलेली आहे."

चौतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात न टाकलेला माणूस आता दिवसातून आठदा बिनदिक्कत खोटं बोलू लागला. काकू दर वेळी तितक्याच आनंदानं डबी उघडायच्या.

दोन महिन्यांनी ठेंगू साडेसात किलोवर आला. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "काकू, काय खाऊ घालता याला?"

"मी कुठली! सगळं हेच करतात," काकू फणकारल्या. "मला कुणी देऊ देतं तर ना!" काका खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले.

मग एका दुपारी काकू फ्रिज उघडून बराच वेळ उभ्या राहिल्या. "अहो, एवढ्या डब्या कशाला?"

त्यांचा आवाज वेगळाच होता, पूर्वीसारखा स्वच्छ. काकांना त्या आवाजाशी खोटं बोलवेना. त्यांनी सगळं सांगितलं, टेबलाखालच्या अंड्यासकट.

काकू खुर्चीत बसल्या. "आठ वेळा विचारते मी?"

"कधी नऊ."

"आणि तुम्ही दर वेळी तेच उत्तर देता? वैताग येत नाही?"

"येतो ना. पण तू डबी उघडलीस की जातो."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "मग मलाही अशाच भरून ठेवा. मी खाल्लं की नाही, तेही मला कुठं कळतं!"

संध्याकाळपर्यंत काकू हे बोलणं विसरल्या. काका विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पातेली चढवली: एकात मीठ, मिरी, लोणी, दुसऱ्यात काही नाही. अदलाबदल नको म्हणून काकूंच्या डब्यांना लाल झाकणं.

"अहो, दिलं का याला?"

"राहिलंच बघ. आणि तूही कुठं खाल्लंयस?"

काकूंनी ठेंगूपुढे डबी ठेवली, लाल झाकण उघडून स्वतः एक घास घेतला, आणि थबकल्या. "आणि तुमचं कुठाय?"

काकांना हे सुचलंच नव्हतं. "माझं... राहिलंच की."

"तरी म्हटलं!" काकूंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि आपली डबी दोघांच्या मधोमध ठेवली.