वाढीला ठेवलेलं कापड

आत्या शिवणयंत्राची सैल झालेली वादी बसवत होती, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ काखेत नवं कापड मारून, लेकीला घेऊन दुकानात आला. तेरा वर्षांच्या ठकूने आल्या आल्या बटणांच्या डब्यात हात घातला.

“ताई, हिचं माप घे. पुढच्या आठवड्यात लग्न उरकतोय.”

“कुणाचं?” आत्याला खरंच कळलं नाही.

“हिचं. सीमेवर पुन्हा कुरबुरी सुरू झाल्यात. लढाई पेटली की बिनलग्नाच्या पोरीला कुठे घेऊन फिरायचं? मुलगा म्हणजे तसा तिशीचा आहे, पण घराच्या भिंती जाड आहेत. आणि हो, आतून वाढीला कापड ठेव.”

नवरीच्या कपड्यात वाढीला कापड ठेवायला सांगताना बापाची जीभ अडखळली नाही. युद्धाची नुसती हूल उठली की त्या गावात पोरी उजवायची घाई सुटे, आणि त्याला नाव काय, तर म्हणे पोरीची काळजी!

“मागच्या लढाईत तूही लग्न झालं म्हणूनच वाचलीस ना?” भाऊ म्हणाला. “आई कायम सांगायची.”

आईला वाईट वाटू नये म्हणून आत्याने ही गोष्ट कधी खोडली नव्हती. आज आई नव्हती.

“मी बारा वर्षांची होते,” ती म्हणाली. “तोफा जवळ आल्या तशी सासरच्यांनी गाडी भरली. भांडी चढली, गाद्या चढल्या, शेळीसुद्धा चढली. मला म्हणाले, सूनबाई घर राखेल. आणि बाहेरून कुलूप लावून गेले.”

“कुलूप?”

“सामान चोरीला जाईल म्हणून. बॉम्ब पडला की मी ‘आई’ म्हणून ओरडायचे, मग वाटायचं, सासरी असं ओरडू नये. बोलायला कुणी नव्हतं रे. खुंटीवरच्या सासऱ्यांच्या कोटाला विचारायचे, जेवलात का? शेजारच्या सुताराने दार फोडलं, तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना.”

भाऊ स्टुलावर बसला. त्याच लढाईत माहेरची सगळी लपली होती ते तळघर त्याला आठवलं. एकाच पांघरुणात सगळी भावंडं, एकमेकांच्या लाथा खात. ताईची चैन आहे, अख्खं घर तिला एकटीला, असं तेव्हा त्याला वाटायचं.

“तळघरात तुझ्यापुरती जागा होती गं,” तो कसाबसा म्हणाला.

आत्याने टेप गुंडाळून खणात टाकली. या मुलीला त्या कुलपामागे जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिला आता कळत होतं.

“हे कापड मी कापणार नाही. दुसऱ्या कुणी कात्री लावली, तर त्याच्या दारात जाऊन बसेन.”

“अगं, पण उद्या खरंच तोफा सुरू झाल्या तर? पोरीला ठेवू कुठे मी?”

ठकूचा हात डब्यातच थांबला होता. ती बापाकडे बघत होती.

“तुझ्याजवळ,” आत्या म्हणाली.